मदत हवी आहे: वर्डक्लाउडमधे मराठी शब्दांचे काना-मात्रा गळतायत

नमस्कार मंडळी, जरा घाईत आहे. आमच्या चौथीच्या बाई येत्या ३१ तारखेला रिटायर होतायत, अकोल्याकडची झेडपीची शाळा. शाल-श्रीफळ देऊच, पण सोबत एक फ्रेम द्यायची ठरलीये, त्यात आमच्या आठवणींतले शब्द, जो जास्त वेळा आला तो मोठा, कमी आला तो बारीक, म्हणजेच वर्डक्लाउड. ग्रुपवर सगळ्यांना चार-चार ओळी लिहायला सांगितलं, ७४ जणांनी लिहिल्या, कुणी पाढ्यांवर, कुणी भाकरीवर (डबा न आणलेल्या पोराला बाई आपली अर्धी भाकरी द्यायच्या, त्यात मीही होतो).

सगळा मजकूर एका फुकटच्या ऑनलाइन टूलमधे टाकला तर शब्दच आले नाहीत, सुटी अक्षरं आली. "बाई"चं "ब" एकीकडे नि "ई" दुसरीकडे, "शाळा"चं "श" आणि "ळ". आणि पाढे, पुढे, पेढे, वाढून या सगळ्यांतला ढ एकत्र मोजला जाऊन चित्रात भला मोठा "ढ" आला. ज्या बाईंनी आयुष्यात कुणाला ढ म्हटलं नाही त्यांच्या फ्रेममधे हे बघून पोटात कालवलं हो.

दुसऱ्या एका टूलमधे स्क्रीनवर सगळं बरोबर दिसलं पण डाऊनलोड केल्यावर नुसते चौकोन. शिवाय तिथे बाई, बाईंनी, बाईंचा, बाईंना हे चार वेगळे शब्द धरले आणि सगळ्यात मोठं काय तर "आणि". कुणी केलंय का हे मराठीत? पैसे भरायचं टूल नको, वर्गणी फ्रेमसाठी ठेवलीये.

प्रतिसाद १:
तुमचं काही चुकलेलं नाही. युनिकोडमधे (संगणक प्रत्येक अक्षराला जो कोड देतो त्या पद्धतीत) काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे "अक्षर" या वर्गात नाहीत, "चिन्ह" या वेगळ्या वर्गात आहेत. इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून केलेलं टूल फक्त अक्षरं गोळा करतं आणि काना दिसला की तिथेच शब्द तोडतं. म्हणून अख्खा मजकूर टाकूच नका. बऱ्याच टूलमधे शब्दांची यादी देता येते, शब्द आणि त्याचं वजन (म्हणजे तो किती वेळा आला), तिथे मोजणी तुम्ही करून द्यायची. वजनाचा आकडा इंग्रजी अंकांतच टाका.
मोजायला गूगल शीट्स घ्या, एका ओळीत एक शब्द, मग काउंटइफ या मोजणीच्या सूत्रात "बाई*" असं चांदणी लावून टाका, बाईंनी बाईंचा सगळं एकत्र येतं. शाळेसाठी "शाळ*", म्हणजे शाळेत, शाळेचं पण धरलं जाईल. फक्त कुणी बाईक लिहिलं असेल तर तेही बाईंमधे जाईल, तेवढं बघा. आणि, आहे, पण, होतं हे यादीत घेऊच नका.

प्रतिसाद २:
चौकोन फॉन्टमुळे येतात, चित्र बनवताना वापरलेल्या फॉन्टमधे देवनागरी नसणार. फॉन्ट अपलोड करू देणारं टूल शोधा आणि मुक्ता, बालू नाहीतर नोटो सान्स देवनागरी टाका, तिन्ही फुकट आहेत. डाऊनलोड झाल्यावर "शि", "कि"ची वेलांटी आणि जोडाक्षरं झूम करून तपासा, तिथे हमखास गडबड असते. ए३ छापणार असाल तर ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल तरी हवेत, ग्रुपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

धागाकर्ता:
जमलं, खूप आभार! काल रात्री २ पर्यंत बसलो. एकच राहिलंय, "वऱ्हाडी" दोनदा येतोय, एक ५ चा एक ३ चा, दिसायला अगदी एकसारखे.

प्रतिसाद १:
तो ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो, कीबोर्डनुसार आतले कोड बदलतात, डोळ्यांना फरक कळत नाही पण शीट्सला कळतो. एक कॉपी करून फाइंड-रिप्लेसने दुसऱ्याच्या जागी टाका.

धागाकर्ता:
झाला ८ चा. मधोमध "बाई", डावीकडे "पाढे", खाली "खडू", "वऱ्हाडी", "सहल". भाकरी मोजणीत ९ वेळाच आलीये, कोपऱ्यात बारीक दिसतेय. तिचं वजन हाताने २५ करावं असं मला मनापासून वाटतंय. हिशोबात बसत नाही, पण करू ना?