भाजी नसेल तर डुबुकवड्या करा

घरात एकही भाजी नाही, डब्यातल्या जिन्नसांतून गरम, पोटभरीचं काय करता येईल, असं कुणीतरी विचारलंय. उत्तरांत डाळीच्या सूपाचे पर्याय आलेत, पण आमच्या जळगावकडे अशा वेळी डुबुकवड्याच होतात, म्हणजे उकळत्या रश्श्यात सोडून शिजवलेल्या बेसनाच्या वड्या.

दोन कांदे आणि वाटीभर सुकं खोबरं काळपट होईपर्यंत भाजा. लसूण, जिरं घालून अगदी बारीक वाटा. तेलात हे वाटण तेल सुटेपर्यंत परता, मग दोन चमचे काळा मसाला, मीठ आणि पाच-सहा वाट्या गरम पाणी. रस्सा पातळच ठेवा, बेसनाने तो आपोआप दाटतो. वाटीभर बेसनात हळद, तिखट, मीठ, ओवा घालून भज्यांपेक्षा किंचित घट्ट भिजवा. सोडा नको, वड्या फुटतात. रस्सा खळखळ उकळत असतानाच बोटांनी छोट्या वड्या सोडा. आधी तळाशी जातात, मग एकेक वर येते. वर आल्या तरी दहा मिनिटं शिजू द्या. एक चमच्याने कापून बघा, मधे कोरडं पीठ दिसलं तर अजून थोडं थांबा.

सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकर, रश्श्यात कुस्करून. माझी आई वरून कच्चं तेल घालायची, मीही घालते.