साइटवर जुनंच ड्रॉइंग वापरलं गेलं. छोट्या ठेकेदाराने हे सांभाळायचं कसं?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात आरसीसीची, म्हणजे सळई-काँक्रीटची कामं घेतो, मटेरियलसकट. सध्या तळघर अधिक चार मजल्यांची साइट चालू आहे. मागच्या आठवड्यात दणका बसला म्हणून विचारतोय.

दुसऱ्या स्लॅबच्या एका बीमला खालून १६ मिमीच्या तीन सळ्या होत्या. स्ट्रक्चरल कन्सल्टंटनी (डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरनी) त्या २० च्या केल्या आणि नवी पीडीएफ व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. त्याच ग्रुपवर सिमेंटची चलनं, हजेरीचे फोटो, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. मुकादमाने वर सरकवत जाऊन जी सापडली ती उघडली. दोन्ही फायलींची नावं सारखी, फरक फक्त शेवटच्या आर१ आणि आर२ चा (म्हणजे रिव्हिजन नंबरचा), आणि मोबाइलवर नेमकं तेवढंच कापलं जातं. स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी चेकिंगला आल्यावर कन्सल्टंटनी बोट ठेवलं. मीटरला २.४७ किलोच्या जागी १.५८ किलोची सळई बांधलेली, म्हणजे थोडाथोडका फरक नाही. रात्री हॅलोजन लावून बीमच्या बांधलेल्या सळ्या सोडवल्या, सकाळचं आरएमसी (प्लांटवरून येणारं तयार काँक्रीट) रद्द केलं. बोलणी खाल्ली ती वेगळीच.

दोन सॉफ्टवेअरवाले डेमो देऊन गेले. बीआयएम (इमारतीची सगळी माहिती एकाच डिजिटल मॉडेलमध्ये), थ्रीडी मॉडेल, डॅशबोर्ड. बिल्डरला महारेराला दर तीन महिन्यांनी प्रगती कळवावी लागते, त्याला ते सोयीचं असेल. माझा मुकादम मात्र टाइप करत नाही, व्हॉइस नोट पाठवतो. माणूस कामाला वाघ आहे, त्याला बदलायचं नाही. त्याच्या हातात कायम शेवटचंच ड्रॉइंग राहील असं काही स्वस्तातलं कुणी वापरतंय का?

प्रतिसाद १
सगळ्या ड्रॉइंगना एक गूगल ड्राइव्ह फोल्डर करा. नवीन आलं की वेगळी फाइल चढवू नका, जुन्या फाइलवरच 'मॅनेज व्हर्जन्स'मधून नवी आवृत्ती टाका. लिंक तीच राहते. तिचा क्यूआर लॅमिनेट करून साइट ऑफिसच्या दारावर चिकटवा. ग्रुपवर ड्रॉइंग टाकायला सगळ्यांना बंदी, कन्सल्टंटनासुद्धा.

धागाकर्ता
आवडलं. पण तळघरात रेंज शून्य. ऑफलाइन ठेवलं तर परत जुनंच दिसणार ना?

प्रतिसाद १
फोनला नेट मिळेपर्यंत हो. म्हणून आमच्याकडे सळई कापायच्या आधी मुकादम ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीचा फोटो पाठवतो, ज्यात रिव्हिजन नंबर असतो. ऑफिसातून 'काप' म्हटल्याशिवाय कटिंग मशीन चालू होत नाही. टाइप करायचं कामच नाही.

प्रतिसाद २
आम्ही तर सेंट्रिंगच्या (काँक्रीटच्या साच्याच्या) फळीवर खडूने आर२ लिहितो. हसा खुशाल, पण चेकिंगला येणारा पहिलं तेच बघतो.

धागाकर्ता
खडू आजपासूनच. क्यूआर सोमवारी लावतो. कन्सल्टंटना ग्रुपबंदी कोण सांगणार, तेवढं सुचवा.