आजोबांच्या ट्रस्टची खजिनदार व्हायला सांगतायत, आधी काय काय बघू?

इंदिरानगरची_लेक:
नमस्कार सगळ्यांना. जरा मोठं लिहितेय, प्लीज पूर्ण वाचा.
आजोबा नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमधून रिटायर झाले तेव्हा आलेले पैसे घालून त्यांनी 1996 ला एक छोटा ट्रस्ट काढला, मग 2008 ला गंगापूर रोडचा प्लॉट विकला ते पैसेही त्यातच. पेठ, सुरगाणा, हरसूल इकडच्या मुलींची नर्सिंग, आयटीआय, डीएडची फी भरायची, एवढंच काम. आज 42 लाख आहेत. त्यातले 30 बँकेत 7 टक्क्यांनी आणि 12 एका पतसंस्थेत साडेदहाने, म्हणजे वर्षाला 3 लाख 36 हजार व्याज येतं आणि त्यातूनच सगळं चालतं.
आजोबा 2015 ला गेले तेव्हापासून काका मॅनेजिंग ट्रस्टी आहेत. वय 74. माणूस एकदम सरळ आहे, पेठला मुलींच्या घरी जातात तर एसटीचं तिकीटसुद्धा स्वतःच्या खिशातून काढतात. पण चेकवर सही त्यांची एकट्याची, मीटिंग म्हणजे दिवाळीत सगळे जमले की तिथेच, आणि हिशोबाची वही त्यांच्या कपाटात. सात ट्रस्टी होते, त्यातले आजोबा आणि मोठी आत्या गेले, एक कॅनडात असतात. पंचवटीतली आजीने ट्रस्टला दिलेली खोली आहे तिथे काकांचा मुलगा क्लासेस घेतो, भाडं वगैरे काही नाही, घरातलंच आहे ना असं सगळे म्हणतात.
आता काका म्हणतायत तू बीकॉम आहेस, खजिनदार हो. मला मनापासून करायचंय, पण डोळे मिटून सह्या नाही करायच्या. कुठून सुरुवात करू? आणि काकांना न दुखवता कसं विचारू?

सिन्नरकर_74:
ताई, आमचाही घरचाच ट्रस्ट आहे, मी 11 वर्षं खजिनदार होतो. पहिलं काम म्हणजे ट्रस्ट डीड (ट्रस्टचा मूळ दस्त) आणि परिशिष्ट एकचा ताजा उतारा (ट्रस्टी आणि मालमत्तेची सरकारी नोंद) हातात घ्या, ई नंबर म्हणजे ट्रस्टचा नोंदणी क्रमांक टाकून सह धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसातून नक्कल मिळते. आजोबा आणि आत्यांची नावं तिथे अजून असतील असा माझा अंदाज आहे. ट्रस्टी वारला तरी तो बदलच असतो आणि ट्रस्ट कायद्याच्या कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. आमच्याकडे तीन अर्ज राहिले होते, विलंब माफीचा अर्ज जोडून एकेक करून लावले, वर्ष गेलं त्यात. तोवर बँक केवायसीला अडवून बसली होती कारण त्यांना उताऱ्यावरचीच नावं चालतात. तुमचं नाव खजिनदार म्हणून नुसत्या ठरावात राहिलं आणि उताऱ्यावर आलं नाही तर जबाबदारी अंगावर आणि अधिकार कागदावर नाही असं होऊन बसेल, म्हणून आधी तो मार्ग मोकळा करा आणि मगच सही.

नाशिकरोड_सीए:
वरच्यांनी बरोबर सांगितलंय. मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती त्या 12 लाखांची.
पतसंस्था म्हणजे बँक नाही. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो (4 फेब्रुवारी 2020 पासून, आधी 1 लाख होता), पतसंस्थेला तो नाही. आणि ट्रस्टचा पैसा कुठे ठेवायचा हे कायद्याने ठरवलेलं आहे, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम 35 आणि आयकर कायदा (1961 च्या कायद्यात कलम 11(5)). पतसंस्था त्या यादीत बसत नाही. जास्त व्याज किती मिळतंय बघा, 12 लाखांवर साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला 42 हजार. त्यासाठी मुद्दलाला धोका आणि करसवलतही धोक्यात. मुदत संपली की काढून बँकेत आणा, रिन्यू करू नका.
खोलीचं तेच. ट्रस्टीच्या मुलाने ट्रस्टची जागा फुकट वापरणं म्हणजे संबंधित व्यक्तीला फायदा दिला असं धरतात, तेवढी रक्कम करपात्र होते, वर दंडही आहे. रीतसर भाडं लावा, बाजारभावाच्या आसपास, ठरावाने, आणि करार 3 वर्षांपेक्षा मोठा करायचा असेल तर आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते.
अजून एक, करसवलतीसाठीची आयकराची नोंदणी किती तारखेपर्यंत आहे बघा. 2021 च्या बदलानंतर जुन्या ट्रस्टना 5 वर्षांची मिळाली, ती 31 मार्च 2026 पर्यंतचीच होती, नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या सहा महिने आधी द्यायचा असतो. देणगी घेत असाल तर 2000 च्या वरची रोख घेऊ नका, देणगीदाराला त्यावर करसवलत मिळत नाही, आणि देणग्यांचं स्टेटमेंट आयकर खात्याला 31 मे पर्यंत. उत्पन्नाच्या 85 टक्के त्याच वर्षी कामावर खर्च व्हायला पाहिजे, तुमच्याकडे ते 2 लाख 85 हजार 600 होतात. कमी झाला तर उरलेला का राखून ठेवलाय ते ठराव करून वेळेत कळवायचं. बँकेने टीडीएस (व्याजातून आधीच कापलेला कर) कापला असेल तर आयटीआर सात, म्हणजे ट्रस्टचं आयकर विवरणपत्र, भरल्याशिवाय परत येत नाही, बऱ्याच छोट्या ट्रस्टांचे असे पैसे पडून असतात.

सुरगाण्याची_नर्स:
मी हिशोबातली नाही पण लिहावंसं वाटलं. माझी फी अशाच एका घरच्या ट्रस्टने भरली होती. दुसऱ्या वर्षी चेकवर सही करणारे आजोबा ऑगस्टमध्ये आजारी पडले, दुसरी सही कुणाची चालतच नव्हती, फी दोन महिने लेट झाली आणि मला परीक्षेचा फॉर्म भरू देत नव्हते. वडिलांनी बैल विकायचं ठरवलं होतं, शेवटी मामाने उसने दिले म्हणून थांबलं. ते आजोबा देवमाणूस होते, अजूनही त्यांच्या फोटोला नमस्कार करते, पण सगळं एकाच माणसावर होतं ना. तुमच्या काकांना हे सांगा ताई, दोन सह्या ठेवा म्हणावं, कुणावर अविश्वास आहे म्हणून नाही, मुलींचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून.

सिन्नरकर_74:
हे वाचून गलबलून आलं. ताई, काकांना अगदी हेच सांगा. तीन जणांच्या सह्या ठेवायच्या, त्यातल्या कुठल्याही दोन, असा ठराव करून बँकेत द्या. आणि मोकळ्या झालेल्या दोन जागांवर एक तरी घराबाहेरची व्यक्ती घ्या, डीडमध्ये नेमणूक कशी करायची लिहिलंय ते बघून. आम्ही एका रिटायर मुख्याध्यापिका बाईंना घेतलं, त्यांनी पहिल्याच मीटिंगला विचारलं की मागच्या पाच वर्षांतल्या किती मुलांनी कोर्स पूर्ण केला, आणि आम्हाला कुणालाच सांगता आलं नाही.

इंदिरानगरची_लेक:
खूप खूप आभार सगळ्यांचे. पतसंस्थेची पावती आज बाबांकडून फोटो मागवून बघितली, 18 तारखेला मुदत संपतेय. रविवारी काकांकडे जातेय, सुरगाण्याच्या ताईंचं लिहिलेलं तसंच्या तसं वाचून दाखवणार, आणि प्रोसिडिंग बुक (मीटिंगच्या ठरावांची वही) मागणार. खोलीचं भावाशी मीच आधी बोलते, काकांच्या तोंडून त्याला नको कळायला.