बंपर चिरला : क्लेम टाकू की बाहेरून करून घेऊ?

मानेवाडावाली :
पोराची स्कूलबस चुकली, घाईत रिव्हर्स घेतला आणि आमच्याच अपार्टमेंटच्या खांबाला गाडी लागली. मागच्या बंपरला डाव्या कोपऱ्यात वीतभर चीर गेली, मागचं डावं दार बशीएवढं दबलं. वर खांबाचा पिवळा रंग. गाडी १२०० सीसी, चंदेरी, चौथं वर्ष चालू. आजवर विम्याचा एकही क्लेम नाही, त्याचा बोनस (प्रीमियममधली सूट) ३५ टक्के, नूतनीकरण सप्टेंबरात. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता पार्टचे पूर्ण पैसे देणारं जास्तीचं कव्हर, मागच्या वर्षी मीच काढून टाकलं (हुशारी!).

सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट ११,८०० : नवा बंपर ४,२००, दोन पॅनलचं पेंटिंग ६,०००, मजुरी १,६००. तिथला माणूस म्हणतो, क्लेम टाका मॅडम, उजवीकडचा जुना ओरखडाही त्यातच बसवून देतो. सक्करदऱ्याचा डेंटर बंपर सांधून सगळं ५,५०० त करतो म्हणते. आमच्या घरचे म्हणतात, इतकी वर्षं प्रीमियम भरला तो काय देवाला वाहिला? काय करू?

प्रतापनगरचे काका :
ताई, आधी पॉलिसीत बोनस वजा होण्याआधीचा ओडी (ओन डॅमेज, आपल्याच गाडीच्या नुकसानीचा) प्रीमियम किती तो पाहा. बोनस फक्त ओडीवर मिळतो, थर्ड पार्टीवर (दुसऱ्याच्या नुकसानीच्या भागावर) नाही.

मानेवाडावाली :
६,००० आहे काका.

प्रतापनगरचे काका :
मग कागद घ्या. झिरो डेप नाही, म्हणून प्लास्टिकच्या बंपरचे निम्मे, २,१०० तुमचे. पेंटिंगच्या बिलात २५ टक्के रंगाचं सामान धरतात, त्याचं निम्मं म्हणजे ७५०. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममध्ये सक्तीने आपल्या खिशातून भरायचे १,००० वेगळे. झाले ३,८५०. कंपनी देणार ७,९५०.

आता खरी गोम. क्लेम केला की बोनस शून्यावर येतो आणि २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या पुन्हा पहिल्यापासून चढाव्या लागतात. नाही केला तर सप्टेंबरात ४५, पुढच्या वर्षापासून ५०. म्हणजे पहिल्या वर्षी २,७०० जास्त भराल, मग १,८००, १,५००, ९०० आणि ३००. एकूण ७,२००. ओडी दरवर्षी थोडा उतरतो, म्हणून साडेसहा हजार धरा. लोक फक्त पहिलं वर्ष मोजतात आणि फसतात.

थोडक्यात, वरचे ३,८५० आणि हे साडेसहा हजार मिळून क्लेम तुम्हाला दहा हजारांच्या वर पडतो, डेंटर साडेपाचात.

सदरचा पक्या :
काका, एवढं गणित कोण करून राहिलं? इन्शुरन्स कशासाठी असतो मग?

प्रतापनगरचे काका :
गाडी नाल्यात गेली तर, किंवा पुढून कोणी ठोकून हेडलाइट-बोनेट-रेडिएटर सगळं गेलं तर असतो. तेव्हा डोळे मिटून टाका. आणि ताई, बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. दोन वर्षांनी नवी गाडी घेतलीत तर ५० टक्के तिच्या ओडीवर नेता येतात. तिचा ओडी २०,००० असेल तर सरळ दहा हजार.

तो जुना ओरखडा या क्लेममध्ये घुसवू नका. दोन वेगळ्या घटना, दोन वेगळे क्लेम. नुकसान पाहायला येणाऱ्या सर्व्हेअरला पहिल्या नजरेत कळतं, सही मात्र तुमची असते.

एमएच-४९ :
मी डेंटिंग-पेंटिंगच्याच लाइनीत आहे, दुकानाचं नाव सांगत नाही. बंपर प्लास्टिकचा, त्याला गंज लागत नाही, महिनाभर थांबला तरी चालते. दार मात्र पाहा. रंग नुसता दबला असेल तर ठीक, पत्रा उघडा पडला असेल तर पावसाळ्याआधी करा. चंदेरी रंग सगळ्यात दगाबाज. पेंटरला म्हणा, आधी पत्र्याच्या तुकड्यावर मारून उन्हात दाखव. ट्यूबलाइटखाली सगळेच शेड जुळतात, बाप्पा! आणि लांबी (खड्डा भरायची पुट्टी) जाड थापू देऊ नका, आतून पत्रा ओढून घ्यायला सांगा. जाड लांबी आपल्या मेच्या उन्हात तडकते.

मानेवाडावाली :
करून आले. डेंटरने बंपर काढून आतून तापलेल्या खिळ्यानं चीर सांधली, वर जाळी बसवली. रंगाचा तुकडा दाराला लावून रस्त्यावर उन्हात उभी राहिले, दोनदा परत पाठवला, तिसरा जुळला. क्लिपा तुटल्या होत्या म्हणून ५,७०० लागले. घरच्यांनी काकांचं गणित दोनदा तपासलं, मग गप्प बसले.

खांबाला आम्ही जुना टायर बांधलाय. सेक्रेटरी म्हणतात, आधी सोसायटीला विचारायला पाहिजे होतं.