संडे सायलेन्सला 'नशीबवान' म्हणणाऱ्यांना उत्तर

फर्लाँग:
काल पॅडॉकने लिहिलं की अमेरिकन रेसचा घोडा संडे सायलेन्स हा मधल्या फळीतला, जपानमध्ये दुबळी स्पर्धा मिळाली म्हणून सायर (पैदाशीचा नर) म्हणून गाजला, आणि १९८९ चा खरा चॅम्पियन त्याचा प्रतिस्पर्धी इझी गोअरच. डोकं फिरलं वाचून.

दोघं चारदा समोरासमोर आले. अमेरिकेच्या चार मोठ्या शर्यतींपैकी केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि ब्रीडर्स कप क्लासिक संडेने मारल्या, एकटी बेलमाँट इझी गोअरने. प्रीकनेसची शेवटची सरळ वाट पुन्हा बघा. दोघं एकमेकांना खेटून पळताहेत, कोणी तसूभर हटत नाही, आणि पोस्टवर संडे नाकभर पुढे. एकूण १४ शर्यती, ९ विजय, ५ वेळा दुसरा. दुसऱ्याच्या खाली कधीच नाही. याला मधली फळी म्हणतात?

आणि हा घोडा कोणालाच नको होता. मागचे पाय हॉकपाशी (मागच्या पायाच्या मधल्या सांध्यापाशी) आत वळलेले. शिंगरू असताना जुलाबाने जेमतेम वाचला. लिलावात भाव येईना म्हणून आर्थर हॅनकॉकने १७ हजार डॉलरला स्वतःच परत घेतला. पुढे व्हॅन चालवणाऱ्याला हार्ट अटॅक आला, गाडी उलटली, त्यातूनही वाचला. 'हॉर्स ऑफ द इयर' झाल्यावरसुद्धा अमेरिकन ब्रीडर्स आईचं कूळ बघून नाक मुरडत राहिले. झेन्या योशिदांनी सुमारे १.१ कोटी डॉलर मोजून त्याला होक्काइदोला नेलं. १९९५ ते २००७, सलग १३ वर्षं जपानचा चॅम्पियन सायर, म्हणजे ज्याच्या पोरांनी सर्वाधिक बक्षिसं कमावली तो! २००२ मध्ये तो गेला, तरी यादीत वर तोच.

पॅडॉक:
बेलमाँट एका ओळीत उरकलीत. घोड्याच्या आठ लांबींनी हरला तुमचा घोडा, दीड मैलावर, जिथे घोड्याचा खरा कस लागतो. इझी गोअर १९९४ मध्ये आठव्या वर्षी मेला, सायर म्हणून त्याला संधी मिळालीच कुठे? आणि ती १३ वर्षं म्हणजे बंद दाराआडचं राज्य. नव्वदच्या दशकात जपानच्या क्लासिक शर्यतींत परदेशात जन्मलेल्या घोड्यांना प्रवेशच नव्हता. घरच्याच घोड्यांत पहिला येणं यात कसलं कौतुक?

तबेल्यातला:
पायांवरून राहवलं नाही. माझे वडील पुण्याकडच्या एका स्टडवर (घोडेपैदास केंद्रावर) मोतद्दार होते. एका शिंगराचा पुढचा उजवा पाय बाहेर वळलेला. नालबंद दर काही आठवड्यांनी यायचा, खुराची एक बाजू जरा जास्त तासायचा, मग वडील त्याला सपाट फरशीवर चालवून टाप कशी पडते ते बघायचे. आवाज एकसारखा आला की तोंडाला गुळाचा खडा. गिऱ्हाईक आले, पाय बघितले, पेडिग्रीच्या कागदाला हातही लावला नाही. शेवटी पडेल भावात गेला, आणि दोन सीझन मालकाचा खर्च भागवून वर उरेल इतकं पळाला. त्यामुळे 'पाय वाकडे म्हणून नाकारला' हे वाचलं की मला अमेरिकन ब्रीडर्सचा राग येतो. मोजपट्टी लावून घोडा कळत नाही.

फर्लाँग:
पॅडॉक, परदेशी घोड्यांना बंदी होती हे मान्य. पण परदेशी सायर्सना दारं सताड उघडी होती! पॅरिसची आर्क ही मोठी शर्यत जिंकलेला टोनी बिन तिथेच, जपानी चॅम्पियन नारिता ब्रायनचा बाप ब्रायन्स टाइमही तिथेच, त्यांनाही चांगल्याच घोड्या मिळाल्या. तरी पहिल्याच क्रॉपमधून, म्हणजे पहिल्या वर्षीच्या शिंगरांतून, संडेने १९९५ ची जपान डर्बी जिंकणारा घोडा दिला, घोड्यांच्या माद्यांची ओक्स जिंकणारी घोडीही दिली. आधीचा सायर नॉर्दर्न टेस्टच्या मुलींशी त्याची जोडी कशी जमली ते त्यातून झालेल्या दाइवा मेजरमध्ये बघा. आणि पोरं बाहेरही जिंकली. स्टे गोल्डने २००१ मध्ये दुबई आणि हाँगकाँग मारलं, हार्ट्स क्रायने २००६ मध्ये दुबई.

विन_प्लेस:
घराण्याचे गोडवे गाताना २००६ चा आर्क सोयीस्कर विसरलात. डीप इम्पॅक्ट तिसरा आला, मग तपासणीत इप्राट्रोपियम सापडलं आणि तो बाद झाला. इतिहासातला सर्वात मोठा जपानी घोडा, आणि निकालात त्याचं नाव नाही.

फर्लाँग:
खोकल्यावरचं, हुंगवून द्यायचं औषध होतं ते! अमेरिकेत वर्षानुवर्षं लॅसिक्स (फुफ्फुसातला रक्तस्राव रोखायचं औषध) टोचून घोडे पळवले, त्यावर कधी चार ओळी लिहिल्यात?

विन_प्लेस:
अमेरिकेचं पाप दाखवून पॅरिसचं धुतलं जात नाही. औषध खोकल्याचं असो की आणखी कशाचं, शर्यतीच्या दिवशी अंगात सापडलं की संपलं. एका रेसकोर्सवर माझं ट्रेबल, म्हणजे तीन शर्यतींचे विजेते एकत्र ओळखायची पैज, लागलं होतं. तिसऱ्या शर्यतीचा घोडा मागाहून सॅम्पलवरून बाद झाला. मला पैसे मिळालेले होते, पण दुसऱ्या नंबरवर लावणाऱ्या शेजारच्या काकांना कोणी काय दिलं? ते त्या दिवसानंतर आलेच नाहीत. खेळावरचा विश्वास असा जातो.

तबेल्यातला:
इथे मी विन_प्लेससोबत. आधी चुकीचं खापर घोड्यावर फोडतात, मग नियमावर. पण डीप इम्पॅक्टची शिक्षा आजोबाला कशाला?

फर्लाँग:
आजोबा नाही, बाप. डीप इम्पॅक्ट संडेचा सख्खा मुलगा. निदान वंशावळ तरी नीट बोला!

तबेल्यातला:
बाप तर बाप. आवाज चढवायचं कारण नाही. मुद्दा तुमच्याच बाजूचा आहे. रझीन बघा. १९९० च्या एप्सम डर्बीत फेव्हरिट, मागे पडला, इंग्लंडने विसरून टाकला. भारतात आला आणि चॅम्पियन सायर झाला. त्यालाही दुबळी स्पर्धा म्हणणार का? आपल्या घोड्यांवर तो जमला, एवढंच खरं.

पॅडॉक:
रझीनच्या पोरांनी परदेशात काय मारलं? तिथेच तर फरक आहे, आणि तो तुमच्या संडेच्या बाजूने जातो हे मला नाइलाजाने म्हणावं लागतंय. आयर्लंडच्या कूलमोरसारख्या बड्या स्टडवाल्यांनी घोड्या जपानला डीप इम्पॅक्टकडे पाठवल्या, त्यातून ऑगस्ट रोडिनने २०२३ मध्ये एप्सम आणि आयरिश डर्बी दोन्ही घेतल्या. २०२५ मध्ये फॉरेव्हर यंगने ब्रीडर्स कप क्लासिक मारली, अमेरिकन डर्टवर (मातीच्या ट्रॅकवर), अमेरिकन घोड्यांना हरवून. तो डीप इम्पॅक्टच्या रिअल स्टीलचा मुलगा, म्हणजे संडेचा पणतू. बंद दाराचा मुद्दा मागे घेतो. इझी गोअरचा अजिबात नाही. त्यावर बोलायचं तर आधी बेलमाँटचा व्हिडिओ पूर्ण बघून या.