नवरा-बायको दोघंही खासदार, आणि हरल्यावर?

मालवणी_खाजा: मधु दंडवते आणि प्रमिलाताई, दोघांचा इलेक्शन रेकॉर्ड कसा होता? हरल्यावर घरी बसले का?

सेकंडक्लासवाला: नानांचा, म्हणजे मधु दंडवतेंचा, कोकणातल्या राजापूरचा रेकॉर्ड बघ ना, १९७१ ला इंदिरा लाट असताना निवडून आले, मग ७७, ८०, ८४, ८९, सलग पाच वेळा, आणि इंदिराजींच्या हत्येनंतरची ८४ ची काँग्रेस लाट तर काय होती माहितीये ना, तरी टिकले. ९१ ला मात्र काँग्रेसच्या सुधीर सावंतांनी पाडलं. सेकंड क्लासच्या लाकडी बर्थवर फोम आला तो ह्यांच्याच रेल्वेमंत्रीपदात, कोकण रेल्वेसाठी झटले ते वेगळंच, आणि त्याच कोकणाने पाडलं, अजून पटत नाही मला.

दादरकर_आजी: प्रमिलाताईंना विसरू नका हो! १९८० ला जनता पक्षाचं पानिपत झालेलं, तेव्हा त्या मुंबई उत्तर मध्यमधून आल्या. ८४ ला ती जागा शरद दिघेंकडे गेली. पण ताईंची महिला दक्षता समिती १९७६ पासूनची, हुंड्याविरुद्धचं काम काय खासदारकीवर अडलेलं नव्हतं. आणीबाणीत दोघंही जेलमध्ये, त्या येरवड्याला नि नाना बंगलोरला, त्यापुढे डिपॉझिटची काय भीती!

सेकंडक्लासवाला: आजी +१. नाना पण ९६ ला नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले की.