अप्पांची तब्येत आणि रक्त पातळ करायची गोळी (सोसायटी ग्रुप)

बी-२०४: सगळ्यांचे फोन येताहेत म्हणून इथेच टाकतो. अप्पांना रात्री ॲडमिट केलं, जळगावातच आहेत. नाकातलं रक्त थांबेना, संडास पण काळी डांबरासारखी. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, जास्त म्हणजे रक्त जास्त पातळ) ९.८ निघाला. त्यांच्या हृदयात मेटलचा व्हॉल्व (झडप) आहे म्हणून २.५ ते ३.५ ठेवायचा असतो

ए-१०१ नाना: अरे बापरे. आते तब्येत कशी शे अप्पानी? काल सांजले तं ओटावर बठेल व्हतात

बी-२०४: आता बरं आहे नाना, बोलताहेत, चहा मागताहेत पण देत नाहीयेत. डोकं दुखतंय म्हणाले म्हणून आधी सीटी काढला, मेंदूत रक्तस्राव नाही. कारण असं निघालं की उन्हाने जुलाब लागले होते तर मेडिकलवरून मेट्रोनिडाझोल (जुलाबाची अँटिबायोटिक) आणून खाल्ली, गुडघ्याची गोळी पण चालूच, आणि रक्ताची गोळी तीच रोजची

सी-३०३ ताई: मेट्रोनिडाझोलने ॲसिट्रॉम आणि वॉर्फरिन, रक्त पातळ करायच्या या दोन्ही गोळ्यांचा असर वाढतो भाऊ, डोस तोच असला तरी शरीराला तो जास्तच होतो. वरून जुलाब, जेवण नाही, म्हणजे रक्त गोठायला लागणारं व्हिटॅमिन के पण पोटात जात नाही. आणि गुडघ्याच्या गोळ्यांनी पोटाला जखम होते, मग तिथून रक्त सुरू. मी आयसीयूत ड्यूटी केलीय, उन्हाळ्यात असे पेशंट बघितलेत

ए-४०२ काका: मेथीचा रस पाजा दोनदा, एका दिवसात आयएनआर खाली. फॉरवर्ड आलाय

सी-३०३ ताई: काका प्लीज नको. ज्याला रक्तस्राव होतोय त्याला तोंडाने काही देत नाहीत, आणि व्हॉल्ववाल्याला गोळीचा असर एकदम उलटा करायचा नसतो, आयएनआर फार खाली गेला तर व्हॉल्वमध्येच गुठळी. डॉक्टर त्याच तारेवर चालतात.

बी-२०४: हो, डॉक्टर तेच म्हणाले. व्हिटॅमिन के दिलं पण थोडंच, सलाईनमधून हळूहळू. गोळी बंद. आणि प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) लावलाय

सी-३०३ ताई: बरोबर. व्हिटॅमिन के ला वेळ लागतो, लिव्हर नवीन फॅक्टर (रक्त गोठवणारे घटक) बनवेल तेव्हा, असर दिसायला काही तास, पूर्ण व्हायला दिवसभर. तोवर प्लाझ्मा, त्यात तयार फॅक्टर असतात. पिशवी गोठलेली असते, वितळवायलाच अर्धा तास जातो, म्हणून उशीर होतोय म्हणून ओरडू नका तिथे. अप्पांचं हृदय कमजोर आहे ना, चार पिशव्या पाणीच झालं ते, दम लागतो का बघायला सांगा. पीसीसी म्हणून याच फॅक्टरचं इंजेक्शन आहे, थोड्या पाण्यात लवकर काम होतं, पण महाग आणि सगळीकडे मिळत नाही

डी-१०५: ताई माझी आई रक्त पातळ करायला ॲपिक्सॅबान घेते, तिलाही असंच का?

सी-३०३ ताई: नाही गं, त्याला व्हिटॅमिन के चालत नाही आणि आयएनआर वरून नीट कळतही नाही. तिथे वेगळं, मोठा रक्तस्राव असला तर बहुतेक ठिकाणी पीसीसी देतात. रक्त पातळ करायच्या दुसऱ्या औषधांचा उतारा पण वेगळा, डॅबिगॅट्रानला इडारूसिझुमॅब, हिपॅरिनला प्रोटामिन. म्हणून कॅज्युअल्टीत जाताना गोळीचं पाकीट सोबत न्यायचं, "रक्ताची गोळी" सांगून उपयोग नाही, आणि शेवटची कधी घेतली ते पण. एकदम जास्त खाल्ली असेल आणि लवकर पोचलात तर कोळशाची पावडर पाजतात, जितका उशीर तितका तिचा फायदा कमी

ए-१०१ नाना: उंदीरना औषधमा हाईच गोळी ऱ्हास म्हने, खरं शे का ताई?

सी-३०३ ताई: खरंय नाना. वॉर्फरिन आधी १९४८ मध्ये उंदीर मारायलाच बाजारात आलं, माणसांना १९५४ पासून. आता शेतात कोठारात टाकतात ते त्याच घराण्यातलं पण फार चिवट, ते पोटात गेलं तर व्हिटॅमिन के आठवडे-महिने चालतं. पोरांच्या हाताला लागेल असं ठेवू नका

ए-४०२ काका: डिलीट केला मेसेज

बी-२०४: आत्ता सांगितलं, आयएनआर ३.१ वर आलाय, सहा तासांनी परत काढणार, मग दुर्बिणीने पोट बघतील. ब्लड बँकेला बदली रक्तदाते हवेत, कोणत्याही ग्रुपचे चालतील

डी-१०५: मी येते, जेवून निघते

सी-४०१: माझी गाडी खालीच आहे, अजून दोघं बसतील. दहा मिनिटांत गेटवर या